पंखा थांबेपर्यंत

जुन्या कोळसा खाणीच्या म्युझियममध्ये मुरलीधर एका भल्यामोठ्या लोखंडी पंख्यापुढे उभे होते. त्यांना सिडनीच्या घरातून इथवर आणायला मुलीला, तनयाला, सकाळभर विनवावं लागलं होतं.

घरी त्यांच्या बायकोला, रेखाला, ऑक्सिजन पुरवणारं मशीन अजून चालूच होतं. रेखा जाऊन महिना झाला होता. सोमवारी मशीन परत न्यायला माणूस येणार होता. तनया स्विचजवळ गेली की मुरलीधर दारात येऊन उभे राहायचे, मग ती हात मागे घ्यायची.

माहिती सांगणारा केन स्वतः जुना खाणकामगार. तो पंखा बसवणाऱ्या इंजिनिअरबद्दल सांगत होता. वॉल्टर नावाचा इंग्रज, पोरवयात तिकडच्या खाणीत फिटरच्या हाताखाली लागला, शिकत शिकत इंजिनिअर झाला आणि शंभरएक वर्षांपूर्वी इथे आला. खाली माणसांना हवा पोचवायची, हे त्याचं काम. घरी जेवताना पंख्याचा आवाज जरा बदलला, तरी तो ताटावरून उठायचा. पुढे खाणीत स्फोट झाला, आग लागली. चालू पंखा आता आगीलाच हवा देत होता. खाली कोणी जिवंत उरलं नाही, हे त्यालाही कळत होतं. तरी दोन दिवस त्याने पंखा बंद करू दिला नाही.

"तुमच्यासारखाच हट्टी," तनया मराठीत हळूच म्हणाली.

मुरलीधरांनी केनला विचारलं, "शेवटी बंद कोणी केला?"

"त्यानेच, मेट. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. एवढा जड पंखा लगेच थांबत नाही. पूर्ण थांबेपर्यंत तो तिथेच टोपी काढून उभा होता म्हणतात."

परतताना गाडीत मुरलीधरांनी घरी दूध आहे का, एवढंच विचारलं.

घरी आल्यावर ते बूट काढून सरळ रेखाच्या खोलीत गेले. उशीवर पडलेली नळी त्यांनी गुंडाळून मशीनवर ठेवली. मग स्विच बंद केला. मशीन एकदा वाजलं आणि घरघर थांबली.

तनया दारात आली. म्हणाली, "बाबा, बंद झालं ते. चहा टाकू?"

"टाक," ते म्हणाले. "मी येतो जरा वेळाने."

आणि हात जोडून तिथेच उभे राहिले.