एकाच तिकिटावर

माणसाला क्षणात दुसऱ्या शहरात पोचवणाऱ्या यंत्रात तिकडे लेक एकटीच शिरली. इकडे दार उघडलं आणि बाहेर आल्या दोघी. तोच घामेजलेला चेहरा, तोच उसवलेला खिसा. शिवणकाम अर्धवट टाकून, गळ्यातल्या टेपसकट धावत आलेली आई बघतच राहिली. "बाई, लवकर!" कारकून घायकुतीला आला. "नोंद एकीचीच आहे. खरी कोण ते सांगा, दुसरी पाच मिनिटांत पुसून टाकायचीय." आईने भराभर मापं घेतली. खांदा, बाही, मनगट. तसूभर फरक नाही. तेवढ्यात दोघी एकदम ओरडल्या, "आई, तिला ठेव!" असा वेडेपणा करणारी पोर जगात एकच होती, तिची. आईने टेप दोघींच्या कमरेभोवती गुंडाळून करकचून गाठ मारली. "जुळ्या आहेत, लिहा!" "अहो, पण जन्मतारीख?" कारकून चाचरला. "एकच. एकीला बाहेर यायला सव्वीस वर्षं उशीर झाला, एवढंच!"