सत्तेचाळीस नंबरचा खिळा

"काका, खरं सांगा. अंगावर लोखंड काय आहे?"

यंत्रवाल्या बाईंनी यंत्राचा दांडा जमिनीवर टेकवला आणि म्हाताऱ्याकडे डोळे वटारून बघितलं. डोंगरावरची चौदावी खुंटी. सकाळपासून आकडे थरथरत होते, इथे तर त्यांनी उडीच मारली. यंत्राला लोखंडाचा वास भारी. जमिनीच्या पोटातलं खनिज ते बरोबर हुंगतं, पण शेजारच्याच्या खिशात साधी किल्ली असली तरी बिथरतं. म्हणून खुंट्या लाकडी, मोगरी लाकडी, आणि खुंट्या ठोकणारा म्हातारा नाडीच्या पायजम्यात.

"काही नाही हो बाई. एका दाढेत सिमेंट आहे, ते चालतं ना?"

"काका!"

म्हातारा ओशाळला. बंडीच्या आतल्या खिशातून त्याने पत्र्याचा एक गंजका बिल्ला काढला. वर नंबर ठोकलेला, सत्तेचाळीस.

"पोराचा आहे. एकोणीस वर्षं झाली, खिशातून काढला नव्हता."

"घर तर ते खालीच दिसतंय. ठेवून या. मी थांबते."

म्हातारा डोंगर उतरला. म्हातारी ओसरीवर भांडी घासत होती, हात राखेने भरलेले. "हे कोनाड्यात राहू दे. संध्याकाळी घेतो," एवढंच बोलून तो मागे फिरला. हा बिल्ला त्याने तिला कधी दाखवला नव्हता. बंडीसुद्धा तो आपली आपणच धुवायचा.

वाटेत खालच्या रस्त्यावरून ट्रक गेला. म्हातारा थांबला आणि केबिनमध्ये कोण बसलंय ते बघू लागला. एकोणीस वर्षांत त्याने एक ट्रक सोडला नव्हता. पोराला ट्रक चालवायचा होता. खाणीत जीव रमत नाही म्हणायचा. त्या सकाळी त्यावरूनच वाजलं होतं. "मग जा आणि परत तोंड दाखवू नकोस," म्हातारा बोलून गेला होता. पोरगं तसंच उपाशीपोटी पाळीला गेलं आणि त्यानंतर दिसलं नाही. तेव्हापासून या घराच्या दाराला रात्री आतून कडी लागली नव्हती. आला तर काय बोलायचं, तेही म्हाताऱ्याने ठरवून ठेवलं होतं. काही बोलायचंच नाही. नुसतं म्हणायचं, हात धू, जेवायला बस.

बाईंनी पुन्हा चौदाव्या खुंटीवर यंत्र धरलं. आकड्यांनी पुन्हा तेवढीच उडी मारली.

"म्हणजे तुमच्या बिल्ल्यामुळे नव्हतं, काका. खाली लोखंड आहे. लांबट, आणि फार खोल नाही. खनिज असं दिसत नाही. रूळ असावेत, एखादी ट्रॉली. पण जुन्या नकाशात इथे बोगदाच नाही."

"नकाशात कुठून असेल? खोदत होते तेवढ्यात बसला तो. दुपारची वेळ होती. मग साहेबांनी दगड रचून तोंड बंद केलं."

बाईंनी खुंटीला लाल फीत बांधता बांधता मान वर केली. "आत कोणी राहिलं नव्हतं ना?"

"छे! आत जाताना आपला बिल्ला खाणीच्या तोंडावरच्या फळ्यावरून काढायचा, बाहेर आलं की खिळ्याला टांगायचा. त्या दिवशी मी स्वतः बघितलं. एक खिळा रिकामा नव्हता. सत्तेचाळीस नंबरसुद्धा आपल्या जागी. मग ढिगारा कशाला उपसतील? माझा पोरगा बाहेर आला, बिल्ला टांगला आणि तसाच गेला निघून. बापावर गेलाय, रागीट."

"बाहेर येताना त्याला कोणी बघितलं?"

"बिल्ला होता ना, बाई!"

फीत बांधून झाली तरी बाई गाठीशीच चाळा करत राहिल्या.

संध्याकाळी म्हातारा घरी आला तेव्हा म्हातारी उंबऱ्यात बसली होती. बिल्ला तिने राखेने घासून लख्ख केला होता आणि पदरात घेतला होता.

"हा तुमच्याकडे कसा?"

आता लपवायचं तरी काय, म्हणून म्हातारा खाली बसला. "खाण बंद झाली तेव्हा फळ्यावरून मागून आणला. तुला दाखवला नाही. म्हटलं, जाताना आपली खूणसुद्धा मागे टाकून गेला, ते बघून तुला वाईट वाटेल. तुला नुसतं सांगितलं, साहेब म्हणतात तो बाहेर पडून कुठेतरी गेला. अगं, ते साहेबांना कळलं ते या बिल्ल्यावरूनच. खिळ्यावर होता म्हणजे माणूस बाहेर."

म्हातारी हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"काहीतरीच तुमचं. मागे कुठला टाकतोय तो? आदल्या दिवशी टांगायचा विसरला आणि सदऱ्याच्या खिशात घरी घेऊन आला होता. सकाळी तुमच्याशी भांडून दुसराच सदरा घालून गेला. मी धुवायला घेतला तर हा हाताला लागला. म्हटलं, रिकामा खिळा दिसला की मुकादम पोराला चार लोकांत झापेल. म्हणून दुपारी हातातलं काम टाकून गेले आणि मीच टांगून आले."

तिने बिल्ला पुन्हा एकदा पदराला पुसला. रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला.

"बघा हो, कोण आहे ते," म्हातारी म्हणाली.

म्हाताऱ्याने मान वळवली नाही. तो डोंगरावरच्या लाल फितीकडे बघत होता.