पुस्तकातलं खरं-खोटं

समोरच्या माणसाने चहाला हात लावला नव्हता. त्याने पिशवीतून एक पुस्तक काढलं, टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "सायेब, हे तुमीच लिवलं का?"

सोनवणे खूश झाले. होणारच की हो. रविवार कारंजावरच्या दारणा पॉकेट बुक्सच्या दोन खोल्यांत बसून त्यांनी उभं आयुष्य खरडण्यात घालवलं होतं, पण वाचक म्हणून जिना चढून कुणी आलं नव्हतं. येणार कुठून? कव्हरवर त्यांचं नावच नसायचं. मालक खंडेरावांनी नावं वाटून दिली होती. खुनाच्या गोष्टींना एक भारदस्त इन्स्पेक्टर, पाककृतींना एक काकू, प्रेमपत्रांना एक प्राध्यापक, द्राक्षबागेच्या फवारणीला एक कृषितज्ज्ञ. मागचा माणूस एकच, बारकू सोनवणे.

"मीच," ते म्हणाले, आणि खुर्चीत जरा सरसावून बसले.

माणसाने आपलं नाव चिमाजी सांगितलं. दिंडोरीकडचा, चार एकर द्राक्षबाग. शर्ट अंगात लोंबत होता. त्याने दुमडून ठेवलेलं एक पान उघडलं आणि सोनवण्यांचा चेहरा उतरला. त्या गोष्टीतला नवरा बायकोच्या दुधात बागेवर मारायचं औषध रोज थोडं थोडं मिसळतो. बायको खंगत जाते आणि मरते. कुणाला पत्ता लागत नाही.

"हे असं खरंच होतं का?" चिमाजीने विचारलं.

गोष्ट आहे ती, असं काहीतरी सोनवणे पुटपुटले. पण चिमाजी उठेना. दुधाला चव लागत नाही का, डॉक्टरला ओळखू येतं का, माणूस मरायला किती दिवस लागतात, असं तो हळू आवाजात एकेक विचारत गेला. विचारताना त्याचे हात थरथरत होते. पान धरवत नव्हतं, म्हणून त्याने ते टेबलावर दाबून धरलं होतं.

सोनवण्यांनी दाराकडे पाहिलं. ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. खंडेराव सटाण्याच्या यात्रेत स्टॉल लावून बसलेले. भर दुपार, खाली भाजीवाल्यांचा गलका, आणि इथे हा बाबा शांतपणे खुनाची चौकशी करतोय.

लोक पुस्तकातलं करून बघतात, हे सोनवण्यांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. घरोघरी केबल आली तरी एसटी स्टँडवर दारणाची पुस्तकं गरम भज्यांसारखी खपत होती. काकूंच्या पुस्तकात शेवभाजीत गूळ पडला तो छपाईच्या चुकीने, पण कितीतरी घरांत अजून घालतात. एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या एका पोरीला दोन पोरांकडून शब्दशः एकच प्रेमपत्र गेलं, आणि तिने दोघांनाही डच्चू दिला. असल्या गोष्टी सांगून खंडेराव पोट धरून हसायचे. आज सोनवण्यांना त्यातलं काहीच हसण्यासारखं वाटेना.

कारण हे दुधाचं प्रकरण त्यांनी मनाने रचलेलं नव्हतं. दारणाची पद्धतच तशी. एका पुस्तकातलं उचलायचं, दुसऱ्यात घालायचं, वेळ वाचतो. फवारणीचं पुस्तक लिहिताना शेतकी खात्यातल्या एकाने त्यांना बजावलं होतं, हे औषध पोटात गेलं तर माणूस झिजून मरतो, नीट छापा. त्यांनी ते नीट छापलं. मग खुनाच्या गोष्टीला काही सुचेना, तेव्हा तेच उचललं. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

"घरी कोण कोण असतं?" सोनवण्यांनी विचारलं.

"मी आन बायको."

"तिची तब्येत?"

"तिला काय झालंय? ठणठणीत हाय." चिमाजी खिडकीकडे बघू लागला. "आमचं जमत नाय, सायेब. लय दिवस झाले."

म्हणजे अजून सुरुवात झालेली नाही. सोनवण्यांच्या जिवात थोडा जीव आला. पोलिसांत जावं तर हा ऐनवेळी कानावर हात ठेवणार, वर पुस्तक आपलंच. याला इथल्या इथे परतवायला हवं. त्याची बायको कोण, कुठली, त्यांनी पाहिलीही नव्हती. पण तिचा जीव आता आपल्या जिभेवर आहे, एवढं त्यांना कळलं.

मग ते मोठ्याने हसले. आयुष्यात इतकं खोटं ते कधी हसले नव्हते.

"अहो, सगळ्या थापा आहेत त्या," ते म्हणाले. "असल्या औषधाने माणूस मरत नाही. दुधात तर त्याचा जोरच मरतो. पाव्हण्याला पाजा, मला पाजा, ढेकर देऊन झोपू."

चिमाजी खुर्ची पुढे ओढून जवळ सरकला.

"शप्पत?"

"पोरांची शपथ."

चिमाजीचे डोळे भरून आले. त्याने गार झालेला चहा एका दमात संपवला, खाली वाकून सोनवण्यांच्या पायाला हात लावला. सोनवणे अवघडले, पण आतून सुखावलेही. एक बाई वाचली. इतक्या वर्षांच्या लिहिण्यातून निदान एक चांगलं काम झालं असं त्यांना वाटलं.

पुस्तक पिशवीत घालून चिमाजी दारापाशी गेला आणि चप्पल घालता घालता वळला.

"बरं झालं इचारलं, सायेब. हे पुस्तक बायकोच्या पेटीत घावलं, तवापासनं तिच्या हातच्या दुधाला शिवलो नव्हतो. आज पितो."