बुरूज पडला तेव्हा

व्यायामशाळेत कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं. दोरीवरच्या उड्या थांबल्या होत्या, टांगलेल्या बॅगा तेवढ्या झुलत होत्या, आणि रिंगच्या मधोमध 'बुरूज' बसला होता. वीस वर्षं भल्याभल्यांचे ठोसे चेहऱ्यावर झेलूनही ज्याचा गुडघा कधी जमिनीला टेकला नव्हता, तो तिचा बाप. आज सरावात त्याला पाडलं होतं तिच्याच उजव्या हाताने.

तिला मात्र आनंद होईना. हा माणूस लहानपणापासून तिच्याशी पत्त्यांत हरत आला होता, शर्यतीत धापा टाकत मागे राहत आला होता, आणि त्यातली लबाडी तिला दरवेळी उशिराच उमगली होती. उद्या तिची पहिली खरी लढत होती. ठोशात जोर होता की पडण्यात माया होती, हे तिला आजच कळायला हवं होतं.

"बाबा, मुद्दाम पडलात ना?"

"लाडाची लेक आहेस बाई, पडला असेल," दोरखंडाला रेलून कोच म्हणाले.

"तुम्ही थांबा हो, काका. बाबा, माझी शपथ आहे. खरं सांगा."

तो उठला. ग्लोव्हने हनुवटी चाचपली, तिच्याकडे पाहून ऐटीत हसला, आणि दम घ्यायला आपल्या कोपऱ्याकडे निघाला. मान ताठ, पावलं संथ, जणू काही घडलंच नव्हतं. ती हरखून पाहत राहिली. कारण तो आपला समजून निघाला होता, तो कोपरा तिचा होता.