मंगळवारची देवी

कापसाला सोन्याचा भाव आला त्या साली अकोल्याच्या एका चाळिशीतल्या विधुर अडत्याने सगुणाच्या नऊ वर्षांच्या लेकीला, वेणूला मागणी घातली. सगुणा नको म्हणाली, तशी सासू कडाडली, “तुले कोनं इचारलं वं?”

पण दर मंगळवारी सगुणाच्या अंगात देवी यायची, तेव्हा हीच सासू आणि नवरा तिच्या पायांवर डोकं ठेवायचे. आज देवीच नाही म्हणेल, या आशेने ती डफासमोर बसली. घटका उलटली तरी अंगाला कंप सुटेना. शेवटी मन घट्ट करून तिने आपणच केस मोकळे सोडले.

तेवढ्यात शेजारी सासूच घुमू लागली, “पोरगी देऊन टाका त्याले!” आणि नवऱ्यापाठोपाठ सगुणालाही तिच्या पायांवर डोकं ठेवावं लागलं.