घरात झोपणारं माणूस

ऊर्वीचं लग्न मोडलं. घरात मात्र मुलाकडचे पाहुणे आलेच नव्हते, असं ठरलंय.

तर ते न आलेले पाहुणे चहा पीत असताना आतून आजोबांचं घोरणं आणि खाटेची कुरकुर ऐकू आली.

“मिक्सर आहे,” बाबा म्हणाले.

“मिक्सर कूस बदलतो?” मुलाची आई उठलीच. “अगंबाई, तुमच्यात अजून झोपतात? आमच्याकडे तीन पिढ्या झोपबंदीची लस आहे!”

दुसऱ्याच दिवशी बाबांनी आजोबांना लस टोचवून आणली. तेव्हापासून ते भर दुपारीही विचारतात, “ऊर्वे, अजून उजाडलं नाही का गं?”

शेवटी ऊर्वीने आरोग्य खात्याला अर्ज केला: ‘आजोबांची झोप परत मिळावी. शिल्लक नसल्यास माझ्या वाट्याची, जन्मापासून न वापरलेली, त्यांच्या नावे वर्ग करावी, ही नम्र विनंती.’