स्वतःच्या हातचं

वहिनींनी डिकॅल कोमट पाण्यात सोडलं आणि मनाशी तीसपर्यंत आकडे मोजले. कागदावरची पातळ चित्रपट्टी सुटी होऊन हलली, तशी त्यांनी ती कागदासकट उचलून रॉकेटच्या नळीला टेकवली आणि ओल्या ब्रशाने अलगद सरकवली. निळी अक्षरं नळीवर अशी बसली, जणू तिथेच उगवली होती.

"स्टिकर झाले का लावून?" वन्संनी आतून विचारलं.

"डिकॅल," वहिनी म्हणाल्या. "दोन राहिलेत."

एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं. माळावर उडवायच्या या छोट्या नमुना-रॉकेटांचा नाद मूळचा वहिनींच्या नवऱ्याचा. तो गेला तेव्हा टेबलावर अर्धवट राहिलेलं रॉकेट त्याच्या धाकट्या बहिणीने पुरं केलं आणि वहिनींनी त्यावर चिन्हं रंगवली. त्या निमित्ताने दोघी पुन्हा बोलू-जेवू लागल्या. पुढे तोच संसार झाला. पुठ्ठ्याची नळी, लाकडी पंख, पॅराशूट ही वन्संची कामं. वहिनी खऱ्या रॉकेटांचे फोटो बघून त्यांवरची अक्षरं आणि पट्टे नखाएवढ्या मापात उतरवायच्या, छापायच्या, शाई पाण्यात फुटू नये म्हणून व्हार्निशचा फवारा मारायच्या आणि छोट्या कात्रीने एकेक डिकॅल कापायच्या. कापताना प्रत्येक कोपरा गोल. टोक ठेवलं की तेच आधी उचकटतं.

हाताला ती खोडच लागली होती. डब्यांवरची लेबलं, वाण्याची यादी, डॉक्टरांची चिठ्ठी, काहीही हाती आलं की बोलता बोलता त्याचे कोपरे जायचे. वन्सं म्हणायच्या, "वहिनींना जगाचा नकाशा देऊ नका. पृथ्वी आणखी गोल करून ठेवतील."

यंदा परदेशातल्या मोठ्या स्पर्धेच्या संघात वन्संचं नाव लागणार, असं रॉकेटवाल्यांच्या क्लबात सगळे धरून चालले होते. वन्सं सदुसष्टच्या. नजर अंधूक झाली होती, हात कापू लागला होता. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

फॉर्म आला तेव्हा त्यांना चष्मा सापडेना. वहिनींनी वाचून दाखवला. सगळं काम स्वतःच्या हातचं असावं. कोणाची मदत घेतली असल्यास नाव लिहावं, दहा गुण कमी होतील.

"इथे काय लिहू?" वहिनींनी विचारलं. पेन त्या रकान्यावर थांबलं होतं.

"कोणी नाही, म्हणून लिहा. स्टिकर लावणं याला का मदत म्हणतात?"

वहिनींनी आपल्या सुबक अक्षरात 'कोणी नाही' लिहिलं. वन्संनी सही केली.

त्याच आठवड्यात पोस्टमास्तर चहाला आले. पलीकडच्या गल्लीत राहणारे, निवृत्त, रॉकेटांचे तितकेच वेडे. वाऱ्याने भरकटलेलं वन्संचं रॉकेट आणायला बारा वर्षं हेच माळावर धावत होते. वहिनींच्या हातात ब्रश आणि पुढ्यात पाण्याची बशी बघून ते म्हणाले, इतकी वर्षं ही कारागिरी आपण वन्संचीच समजत होतो. वन्संनी हसून विषय बदलला. वहिनींनी त्यांना आणखी अर्धा कप ओतला.

निवडीत वन्सं पहिल्या आल्या, पोस्टमास्तर दुसरे. चौथ्या दिवशी क्लबाच्या चिटणिसांचा फोन आला. निनावी तक्रार होती. डिकॅल कोणाचे, असं त्यांनी सरळच विचारलं. वन्संना खोटं बोलता आलं नाही. नाव कापलं गेलं. जागा पोस्टमास्तरांना मिळाली.

वन्सं दोन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत. वहिनींनी त्यांना पेज भरवली, केस विंचरून दिले. तिसऱ्या दिवशी वन्सं पोस्टमास्तरांच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. वहिनी सोबत होत्या.

"घरचे म्हणून आत घेतलं तुम्हाला," वन्सं म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "बघून गेलात आणि कळवून आलात."

आपण एक ओळही लिहिलेली नाही, असं पोस्टमास्तर म्हणाले. वन्संच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, तसे ते वहिनींकडे वळले. "तुम्ही तरी सांगा यांना."

वहिनींनी मान खाली घातली.

वन्संनी त्यांच्याकडून उसनं आणलेलं रॉकेट उडवायचं स्टँड फाटकाच्या आत ठेवलं, आजपासून आपली ओळख नाही म्हणून सांगितलं आणि मागे न बघता निघाल्या. वाटेत त्यांनी वहिनींचा हात धरला. "दादा गेल्यापासून एक तुम्हीच माझ्या."

"चालताना खाली बघा," वहिनी म्हणाल्या. "खड्डा आहे."

पुढच्या आठवड्यात क्लबाचं पाकीट आलं. निनावी पत्रं फायलीत ठेवायचा नियम नाही, म्हणून चिटणिसांनी ते मूळ पत्रच पाठवून दिलं होतं. वन्संनी खिडकीपाशी जाऊन ते डोळ्यांशी धरलं. वहिनी समोर शेंगा सोलत होत्या.

"कोणाचं अक्षर आहे?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"टाइप केलंय. मोठे हुशार." वन्सं शेवटची ओळ वाचायला थांबल्या. "आणि बघा, लिहिलंय काय. 'एकोणीस वर्षं दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून मिरवलं.' त्यांच्या दारावरच नेऊन चिकटवते."

त्यांनी पत्राची घडी घालायला घेतली. डोळ्यांचा भरवसा नव्हता, म्हणून नेहमीसारखा बोटांनीच कोपऱ्याला कोपरा जुळवू लागल्या. अंगठा कडेवरून टोकापर्यंत गेला आणि तसाच घसरत पुढे आला. त्यांनी दुसरं टोक चाचपलं, मग खालची दोन.

चारही कोपरे गोल होते.